विरळ हवेतली वाट

पेरू देशाची राजधानी लिमा समुद्रकाठी वसलेली आहे. तेथे वेफर्सचा एक बंद पुडा विकत घ्यावा, पाठीवरच्या पिशवीत टाकावा आणि अँडीज पर्वतातल्या कुस्को शहरी जाऊन तो बाहेर काढावा. पुडा टम्म फुगलेला दिसेल. आता फुटतो की मग फुटतो, अशी त्याची अवस्था झालेली असेल. वाटेत कोणी त्याच्यात हवा भरली नाही, पुडा उघडलाही नाही. मग तो फुगला कसा?

विद्यार्थी मित्रहो, अँडीज पर्वत पायी पाहायला निघालेल्या माणसाचा पहिला धडा या पुड्यात आहे. या लेखात आपण त्या पर्वतातली एक प्रसिद्ध वाट चालणार आहोत. ही वाट इंका लोकांनी सुमारे पावणेसहाशे वर्षांपूर्वी बांधली. ती माचू पिक्चू नावाच्या दगडी नगरापर्यंत जाते. वाटेत उंच खिंडी आहेत, पडक्या वास्तू आहेत, ढगांत बुडालेली जंगले आहेत आणि दूरवर बर्फाची शिखरे आहेत. पण नुसते देखावे पाहून परत यायचे नाही. विरळ हवा, गोठवणारी रात्र, उभा उतार, भूकंप आणि मुसळधार पाऊस या पाच अडचणी येथे पावलोपावली भेटतात. याच पाच गोष्टींशी जुळवून घेत येथल्या लोकांनी शेती केली, रस्ते बांधले, नगरे उभारली. ते कसे साधले, हे आपल्याला पाहायचे आहे.

पुडा का फुगला?

आपण हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो. डोक्यावरच्या हवेला वजन असते आणि त्या वजनाचा दाब आपल्यावर, आपल्या घरावर, वेफर्सच्या पुड्यावर सर्व बाजूंनी पडत असतो. जसजसे वर जावे तसतशी डोक्यावरची हवा कमी होते, म्हणून दाबही कमी होतो. कुस्को शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटर उंच आहे. आपले कळसूबाई शिखर १६४६ मीटर आहे, म्हणजे कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले तरी आपण कुस्कोच्या थोडे खालीच राहू! तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. पुड्यातली हवा लिमाची, तिचा दाब तेवढाच. बाहेरचा दाब मात्र घटलेला. म्हणून आतली हवा पुड्याला बाहेर ढकलते आणि पुडा फुगतो.

हाच प्रयोग तुम्हालाही उलट्या बाजूने करता येईल. सहलीला महाबळेश्वरला गेलात तर पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली तेथे झाकण घट्ट लावून बंद करा. कोकणात उतरल्यावर ती पिशवीतून काढून पाहा. बाटलीचे पोट आत गेलेले दिसेल. असे का झाले, ते आता तुम्हीच सांगा.

उंचीवर हवा विरळ होते, पण तिच्यातल्या वायूंचे प्रमाण बदलत नाही. समुद्रकाठी हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, कुस्कोतही तेवढाच असतो. फरक पडतो तो एका श्वासात येणाऱ्या हवेच्या एकूण मापात. आपल्या वाटेवरची सर्वांत उंच खिंड ४२१५ मीटरवर आहे. तेथे दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असतो. समुद्रकाठी दहा श्वासांत जेवढा ऑक्सिजन छातीत जातो, तेवढा मिळवण्यासाठी त्या खिंडीत सोळा-सतरा श्वास घ्यावे लागतील. दोन पायऱ्या चढल्या की पांथस्थ थांबतो आणि धापा टाकतो, त्याचे कारण हे गणित आहे.

डोके का दुखते?

समुद्रकाठचा माणूस विमानाने तासाभरात कुस्कोला उतरतो. बऱ्याच जणांना त्याच रात्री डोकेदुखी सुरू होते. मळमळते, झोप लागत नाही, अन्नावरची वासना जाते. यालाच पर्वतव्याधी म्हणतात. स्पॅनिश धर्मगुरू होसे दे आकोस्ता याला सोळाव्या शतकात अँडीजमधली एक उंच खिंड ओलांडताना हा त्रास झाला. पुढे १५९० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने त्याचे वर्णन केले आणि तेथली हवा माणसाच्या श्वसनाला पुरेल अशी नाही, असे कारणही दिले. ऑक्सिजनचा शोध लागायला तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षे होती!

यावर उपाय काय? शरीराला वेळ देणे. पहिल्या काही दिवसांत श्वास जलद होतो, हृदय जास्त वेगाने धडधडते. पुढच्या आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढू लागतात. म्हणून जाणते प्रवासी कुस्कोला उतरल्यावर पहिल्याच दिवशी डोंगर चढत नाहीत. कित्येक जण आधी जवळच्या उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरतात, कारण ते कुस्कोपेक्षा पाच-सहाशे मीटरने खाली आहे. तीन हजार मीटरच्या वर रात्रीचा मुक्काम एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असा गिर्यारोहणातला एक नियमच आहे. दिवसा उंच चढावे आणि रात्री खाली येऊन झोपावे, हा त्याचाच भाग. हा नियम धुडकावणे जिवावर बेतू शकते. व्याधी बळावली तर फुफ्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचू लागते. अशा वेळी धाडस दाखवू नये, ताबडतोब खाली उतरावे. खाली उतरणे हेच सर्वांत मोठे औषध आहे.

मग पिढ्यान् पिढ्या तेथेच राहणाऱ्या लोकांचे काय? अँडीजमधल्या उंच गावांतल्या लोकांच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण आपल्यापेक्षा जास्त असते. त्यामुळे कमी ऑक्सिजनातही त्यांचे भागते. पण हे प्रमाण फारच वाढले तर रक्त दाट होऊन तेही आजारी पडतात. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२५ साली या आजाराचे वर्णन केले आणि तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. गंमत अशी, की तिबेटी लोक तितक्याच उंचीवर राहतात, तरी त्यांचे हिमोग्लोबिन इतके वाढत नाही. त्यांच्या शरीराने वेगळा मार्ग काढला आहे. एकच प्रश्न निसर्गाने दोन पर्वतांत दोन रीतींनी सोडवला!

कुस्कोच्या भिंती

हवेची सवय होईपर्यंत कुस्कोच्या गल्ल्यांतून सावकाश फिरावे. हे इंका राज्याचे मुख्य नगर. येथल्या जुन्या भिंतींचे चिरे एकमेकांना इतके घट्ट बसले आहेत, की दरजेत सुरीचे पातेही जात नाही. मध्ये चुना नाही, माती नाही. एका गल्लीत बारा कोनांचा एक चिरा आहे आणि त्याच्या बाराही कोनांशी शेजारचे दगड नेमके जुळले आहेत. शहराच्या वरच्या अंगाला साक्सायवामानचे अवाढव्य बांधकाम आहे. त्यातला सर्वांत मोठा दगड शंभर टनांहून जड आहे. इंका लोकांपाशी लोखंड नव्हते, चाकाची गाडी नव्हती, बैल आणि घोडेही नव्हते. पाथरवट कठीण दगडाच्या गोट्यांनीच चिरे ठोकून, घासून घडवत.

चुन्यावाचून बांधलेल्या या भिंती टिकल्या कशा? त्याचे उत्तर मिळण्यासाठी आधी अँडीज कसा झाला ते पाहू. पृथ्वीचे कवच अनेक प्रचंड तुकड्यांचे बनलेले आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात. पॅसिफिक महासागराच्या तळाचा नाझ्का नावाचा भूपट्ट दक्षिण अमेरिकेच्या भूपट्टाखाली वर्षाला सहा-सात सेंटीमीटर या गतीने घुसतो आहे. या रेट्याने खंडाची कडा चुरगळून उंचावली आणि सुमारे ७००० किलोमीटर लांबीची, सात देशांतून जाणारी ही पर्वतरांग तयार झाली. हा रेटा अजून थांबलेला नाही. म्हणून तेथे भूकंप होतातच.

२१ मे १९५० रोजी कुस्कोला मोठा भूकंप झाला. इंकांच्या कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या जोत्यावर स्पॅनिश लोकांनी चर्च आणि मठ बांधला होता. भूकंपात वरचे बांधकाम बरेच कोसळले. खालच्या इंका भिंती मात्र उभ्या राहिल्या. या भिंती किंचित आत झुकलेल्या असतात, म्हणजे तळाशी रुंद आणि वर निमुळत्या. दारे-खिडक्याही खाली रुंद आणि वर अरुंद. त्यामुळे भिंतीचा तोल तळाकडे राहतो. धक्का बसला की सुटे चिरे थोडे हलतात, एकमेकांवर घासतात आणि पुन्हा जागेवर बसतात. चुन्याने जखडलेली भिंत ताण सहन झाला नाही की तडकते. भूकंपाशी झुंज न घेता त्याला हलायला जागा द्यायची, ही युक्ती इंका गवंड्यांना साधली होती.

पायऱ्यांचा राजमार्ग

आता पिशवी पाठीवर घेऊ. या वाटेवर मनाला येईल तेव्हा, एकट्याने जाता येत नाही. परवाना लागतो आणि परवानाधारक वाटाड्याही लागतो. वाटाडे आणि हमाल धरून रोज फक्त ५०० माणसांना सोडले जाते. फेब्रुवारी हा भर पावसाचा महिना, तेव्हा वाट दुरुस्तीसाठी बंद असते. हमालांच्या पाठीवर किती ओझे असावे यालाही कायद्याने मर्यादा घातली आहे. पुरुष हमालाला २० किलोंपेक्षा जास्त ओझे देता येत नाही. पूर्वी याहून कितीतरी जास्त ओझी लादली जात.

वाट सुमारे ४३ किलोमीटरची. चालायला चार दिवस लागतात. उरुबांबा नदीकाठी सुमारे २७०० मीटरवर सुरुवात होते. दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का ही ४२१५ मीटरची खिंड येते. केचुआ भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘मेलेली बाई’. खालून पाहिले तर डोंगराची कड आडव्या झोपलेल्या बाईसारखी दिसते. खिंड चढून त्याच दिवशी सुमारे सहाशे मीटर खाली उतरायचे आणि तेथे तंबू ठोकायचा. ‘उंच चढा, खाली झोपा’ हा नियम येथे आपोआप पाळला जातो.

पुढे रुंकुराकाय हे गोल घर लागते, मग कड्याच्या टोकावरचे सायाकमार्का, खडकातून काढलेला एक छोटा बोगदा, आणि मग ढगांच्या वर तरंगल्यासारखे दिसणारे फुयुपातामार्का. आकाश निवळ असेल तर येथून ६२७१ मीटर उंचीचे साल्कांताय शिखर दिसते. उतरताना विन्याय वायना येथे डोंगराच्या उतारावर ताली पाडलेल्या दिसतात. कमानीसारख्या वळलेल्या एकावर एक चढत गेलेल्या या पायऱ्या म्हणजे शेतेच होती.

चालता चालता पायाखाली पाहा. वाटेवर दगडी फरसबंदी आहे आणि जागोजाग पायऱ्या आहेत. राजमार्गावर पायऱ्या कशाला, असे वाटेल. पण इंकांकडे गाडी नव्हती. वाहतूक माणसाच्या पाठीवर आणि लामाच्या पाठीवर चाले. लामा हा उंटाच्या कुळातला प्राणी. तो २५-३० किलोंचे ओझे घेऊन पायऱ्या सहज चढतो. त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि त्याचे हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही ऑक्सिजन चटकन पकडते. पाय आणि खूर यांच्यासाठी केलेल्या रस्त्याला पायऱ्याच सोयीच्या. पुढे स्पॅनिश लोकांचे घोडे आले तेव्हा याच पायऱ्यांनी त्यांना जेरीस आणले.

अशा रस्त्यांचे जाळे आजच्या कोलंबियापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत पसरलेले होते. त्याची एकूण लांबी ३०,००० किलोमीटरांहून जास्त भरते. २०१४ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला. या रस्त्यांवरून निरोपे टप्प्याटप्प्याने धावत. एक थकला की पुढच्या चौकीवरचा ताज्या दमाचा निरोप्या धाव घेई. त्यांच्या हाती अनेकदा दोऱ्यांचा जुडगा असे. त्याला खिपू म्हणत. दोरीवरच्या गाठींत आकडे नोंदलेले असत. खाली एकक, त्याच्या वर दशक, त्याच्या वर शतक आणि शून्यासाठी मोकळी जागा! लेलँड लॉक या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही दशमान रीत उलगडून दाखवली.

खोल दऱ्यांवर इंकांचे पूल असत ते गवताचे. कुस्कोच्या दक्षिणेस आपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा असा एक पूल आजही आहे. लांबी सुमारे ३० मीटर. गवताची एक काडी बोटाने तुटते, पण शेकडो काड्या पीळ घालून वळल्या की दोरी होते आणि दोऱ्या वळल्या की मांडीएवढा दोरखंड होतो. गवत कुजते, म्हणून चार गावांचे लोक दरवर्षी जून महिन्यात पूल नव्याने विणतात. २०२० साली महासाथीमुळे हे काम राहून गेले आणि मार्च २०२१ मध्ये पूल कोसळला. त्याच वर्षी जूनमध्ये गावकऱ्यांनी तो पुन्हा विणला. हा पूल टिकला आहे तो गवतामुळे कमी आणि दरवर्षी एकत्र येणाऱ्या हातांमुळे जास्त.

गोठवलेला बटाटा

तंबूपाशी स्वयंपाक सुरू आहे. पाणी खदखदते आहे, पण बटाटे काही केल्या शिजत नाहीत. थर्मामीटर घालून पाहा. समुद्रकाठी पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. उंचीवर दाब कमी, म्हणून ते कमी तापमानालाच उकळू लागते. साधारण दर ३०० मीटरला एक अंश कमी, असा हिशेब धरावा. कळसूबाईवर सुमारे साडेचौऱ्याण्णव, कुस्कोत सुमारे ८९ आणि त्या उंच खिंडीत सुमारे ८६ अंश. खाली कितीही जाळ घाला, उघड्या भांड्यातले पाणी त्याहून तापणार नाही. म्हणून डाळी आणि कडधान्ये तेथे तासन् तास शिजवावी लागतात. प्रेशर कुकर नेमके काय करतो, हे येथे चांगले समजते. तो भांड्यात समुद्रकाठच्या हवेपेक्षाही जास्त दाब निर्माण करतो.

हे ठिकाण विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १३ अंशांवर आहे. म्हणजे चेन्नई विषुववृत्ताच्या जेवढी उत्तरेला, तेवढेच हे दक्षिणेला. तरी जून-जुलैच्या रात्री उंच पठारांवर पाणी गोठते. विरळ आणि कोरडी हवा उष्णता धरून ठेवू शकत नाही. दिवसा मात्र कडक ऊन पडते. ही विचित्र हवा शेतकऱ्याची वैरीण, असेच कोणीही म्हणेल. अँडीजच्या लोकांनी तिलाच कामाला लावले.

बटाटा हे मूळचे अँडीजचे पीक. टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या पठारांवर काही हजार वर्षांपूर्वी त्याची लागवड सुरू झाली. आजही तेथे पांढरे, पिवळे, जांभळे, काळे असे हजारो प्रकारचे बटाटे पिकतात. पण बटाट्यात चार भाग पाणी असते. तो सडतो, त्याला कोंब फुटतात. म्हणून थंडीच्या दिवसांत तेथले शेतकरी छोटे बटाटे उघड्या माळावर पसरतात. रात्री ते गोठतात. पाण्याचे बर्फ होताना ते फुगते आणि बटाट्यातल्या पेशींच्या भिंती फाटतात. दिवसा उन्हाने बर्फ वितळते. असे काही दिवस झाले, की लोक अनवाणी पायांनी बटाटे तुडवून पाणी पिळून काढतात आणि उरलेला ओलावा उन्हात व कोरड्या वाऱ्यात उडून जातो. हाती येतो तो खडखडीत वाळलेला, हलका ‘चुन्यो’. तो वर्षानुवर्षे टिकतो. आज कारखान्यांत अन्न गोठवून सुकवण्यासाठी मोठी यंत्रे लागतात. येथे रात्र आणि दिवस मिळून तेच काम करतात.

इंका राज्यकर्ते वाऱ्याच्या झोताशी, डोंगराच्या उतारावर कोठारे बांधून त्यांत धान्य आणि चुन्यो साठवत. पीक बुडाले तरी लोक उपाशी राहू नयेत, ही सोय त्यातून होई.

या पर्वताचे आपल्यावर एक ऋणही आहे. पोर्तुगीजांबरोबर ‘बटाटा’ हा शब्द आणि ते पीक आपल्या किनाऱ्यावर आले. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीकडेच पाहा ना! बटाटा अँडीजचा, भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही तिकडचाच आणि मिरचीसुद्धा अमेरिकेतून आलेली. पाचशे वर्षांपूर्वी यांतले एकही आपल्या ताटात नव्हते!

जमिनीखालचे नगर

चौथ्या दिवशी पहाटे इंतिपुंकू, म्हणजे सूर्यद्वार, गाठायचे. तेथून खाली, २४३० मीटरवर, दोन शिखरांमधल्या खोगिरासारख्या कड्यावर माचू पिक्चू दिसते. २४ जुलै १९११ रोजी अमेरिकी अभ्यासक हायरम बिंगहॅम येथे पोचला आणि त्याच्या लेखांमुळे हे ठिकाण जगाला माहीत झाले. पण त्याला वर नेले ते मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने. तेथल्या तालींवर तेव्हाही काही कुटुंबे शेती करत होती. त्यामुळे बिंगहॅमने नगर ‘शोधले’ म्हणण्यापेक्षा ते बाहेरच्या जगाला कळवले, असे म्हणणे योग्य ठरेल.

इंका राजा पाचाकुती याच्या काळात हे नगर उभे राहिले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या रेडिओकार्बन मापनांनुसार येथे १४२० च्या सुमारास वस्ती होती. १५३२ साली स्पॅनिश आक्रमण सुरू झाले. त्या सुमारास वस्ती उठली. नंतर साडेतीन-चार शतके जंगल, पाऊस आणि भूकंप यांचा मारा सोसूनही भिंती उभ्या राहिल्या.

येथे वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईपेक्षा थोडाच कमी. तोही उभ्या उताराच्या कड्यावर. अशा जागी दरडी कोसळून नगर केव्हाच नदीत जायला हवे होते. ते का गेले नाही? केनेथ राइट हे अमेरिकी स्थापत्य अभियंते आणि आल्फ्रेदो वालेन्सिया हे पेरूचे पुरातत्त्वज्ञ यांनी १९९४ पासून या प्रश्नाचा कसून अभ्यास केला. नगराच्या बांधकामाचा निम्म्याहून जास्त भाग जमिनीखाली आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे! पाया आणि पाण्याचा निचरा हेच खरे मोठे काम होते.

ताल कशी रचली आहे ते पाहा. सर्वांत खाली मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि सर्वांत वर सुपीक माती. पावसाचे पाणी मातीतून झिरपते आणि खालच्या दगडांतून वाट काढत सावकाश निघून जाते. भिंतीमागे पाणी तुंबत नाही, म्हणून भिंत ढकलली जात नाही. नगरात पाणी बाहेर काढणारी सुमारे १३० तोंडे मोजली गेली आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी डोंगरातल्या झऱ्यापासून ७४९ मीटर लांबीचा दगडी पाट आणला आहे. त्याचा उतार इतका बेताचा, की पाणी साचत नाही आणि उसळून सांडतही नाही. ते एकाखाली एक अशा १६ कुंडांतून खेळत जाते. पहिले कुंड राजवाड्याशेजारी आहे, म्हणजे सर्वांत स्वच्छ पाणी राजाला मिळे.

ब्राझीलचे भूशास्त्रज्ञ रुआल्दो मेनेगात यांनी २०१९ साली आणखी एक विचार मांडला. माचू पिक्चूखाली खडकातले अनेक भ्रंश, म्हणजे मोठ्या भेगा, एकमेकींना छेदतात. त्यांच्या मते इंकांनी अशी जागा जाणून निवडली असावी. भेगाळलेला ग्रॅनाइट फोडायला सोपा आणि भेगांतून पावसाचे पाणीही निघून जाते. नगराच्या रचनेकडे पाहिले की हा तर्क पटण्यासारखा वाटतो.

बर्फ वितळते आहे

वाटेवरून दिसणारे ते शुभ्र शिखर आता पुन्हा आठवा. विषुववृत्ताजवळच्या उष्ण पट्ट्यातही उंच पर्वतांवर हिमनद्या असतात. अशा हिमनद्यांचा सर्वांत मोठा वाटा, सुमारे ७० टक्के, एकट्या पेरूत आहे. कोरड्या महिन्यांत पाऊस नसतो तेव्हा या हिमनद्यांचे वितळणारे पाणी नद्या वाहत्या ठेवते. त्यावर गावे, शेते आणि वीजकेंद्रे अवलंबून आहेत. गेल्या सुमारे सहा दशकांत पेरूच्या हिमनद्यांचे निम्म्याहून अधिक क्षेत्र नाहीसे झाले आहे. बोलिव्हियातली चाकाल्ताया हिमनदी २००९ पर्यंत संपून गेली. तेथे एके काळी लोक बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळायला जात. व्हेनेझुएलाची शेवटची हिमनदी इतकी आक्रसली, की २०२४ साली शास्त्रज्ञांनी तिला हिमनदी म्हणणे सोडून दिले.

पेरूतल्या केल्काया या विस्तीर्ण हिमटोपीत अमेरिकी शास्त्रज्ञ लॉनी टॉम्सन यांनी १९८३ साली भोके पाडून बर्फाचे दंडगोल काढले. झाडाच्या वलयांप्रमाणे त्यांतल्या थरांवरून सुमारे पंधराशे वर्षांचे हवामान वाचता आले. पुढे तेथलाच बर्फ मागे हटला तेव्हा त्याखालून वनस्पतींचे अवशेष उघडे पडले. त्यांचे वय निघाले सुमारे ५००० वर्षे. पाच हजार वर्षे बर्फाखाली झाकलेली जमीन आपल्या काळात उघडी पडली, असा याचा अर्थ आहे.

आता या लोकांनी काय करावे? एक उत्तर जुन्या ज्ञानातच सापडते आहे. लिमाच्या वरच्या डोंगरांत इंकांच्याही आधीच्या काळातले ‘आमुना’ नावाचे चर आहेत. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी या चरांनी डोंगराच्या कुशीत वळवतात आणि भेगाळ खडकात मुरू देतात. पुढे ते खालच्या झऱ्यांतून बाहेर येते. शास्त्रज्ञांनी एका गावात पाण्यात रंग सोडून हे मोजले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार मुरलेले पाणी दोन आठवडे ते आठ महिन्यांनी, सरासरी ४५ दिवसांनी, झऱ्यांत उतरते. म्हणजे पावसाळ्यातले पाणी उन्हाळ्याच्या तोंडी मिळते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही आपली घोषणा अँडीजमध्ये हजार वर्षांपूर्वीच चरांच्या रूपाने डोंगरावर कोरली गेली होती. बुजलेले हे चर आता पुन्हा साफ केले जात आहेत. हिमनद्यांचे सगळे काम ते करू शकणार नाहीत. पण कोरड्या महिन्यांत गावाला काही आठवड्यांचे पाणी मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

मित्रहो, अँडीजला जाण्याची संधी सर्वांनाच मिळेल असे नाही. पण तेथली पाहण्याची रीत आपल्या कोणत्याही डोंगरावर उपयोगी पडते. पुढच्या वेळी शाळेची सहल एखाद्या किल्ल्यावर जाईल तेव्हा तटावर उभे राहून छायाचित्र काढण्याआधी एक काम करा. गडावर पाणी कोठून येते, कोठे साठते आणि पावसाळ्यात जास्तीचे पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाते, याचा एक साधा नकाशा काढा. तो वर्गात आणून गुरुजींना दाखवा. बांधणाऱ्यांनी कोणत्या अडचणी ओळखल्या होत्या आणि त्या कशा सोडवल्या, हे त्या नकाशावरून तुम्हाला दिसू लागेल.